मागच्या भिंतीला टेकलेल्या सहा बाटल्या

रविवार, ३ मार्च

दादा,

जानेवारीच्या पत्रात मी एक चूक लिहिली आहे, ती आधी दुरुस्त करते. आमच्या प्रयोगातले चार उंदीर भुलीच्या औषधाने मेले, असं मी तुला कळवलं होतं. त्या उंदरांना भूल दिलीच नव्हती. मी त्यांच्या शेपटीच्या शिरेत आमचं औषध टोचलं आणि सात मिनिटांच्या आत चौघेही गेले. पहिला दोन मिनिटांत गेला.

भुलीने मेले हे वाक्य लिहायला सोपं होतं. त्यात कोणाचा हात दिसत नाही.

त्या पत्राला तू उत्तर दिलं नाहीस. नऊ वर्षांत मी पाच पत्रं लिहिली, त्यांतल्या कशालाच दिलं नाहीस, तेव्हा ती चूक तुझ्या लक्षातही राहिली नसेल. पण माझ्या राहिली आहे. आणि आता ती नुसती उंदरांची राहिलेली नाही.

काम काय आहे ते तुला कळेल असं सांगते. कॅन्सरचं औषध शिरेतून दिलं की ते सगळ्या अंगभर फिरतं, गाठीला लागतं तसं चांगल्या जागीही लागतं. म्हणून आम्ही ते चरबीच्या अतिशय बारीक कणांत भरतो. पण शरीरात राखणदार पेशी असतात, त्या परका कण दिसला की गिळून टाकतात. ही राखण चुकवायची युक्ती आम्ही रक्ताकडूनच उचलली. रक्तातली तांबडी पेशी चार महिने सुखाने फिरते, तिला कोणी अडवत नाही, कारण ती घरचीच असते. म्हणून आम्ही दात्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी पाण्याने फुगवून फोडतो, आतला लाल रंग धुऊन टाकतो. मागे पांढुरका पापुद्रा उरतो. प्रयोगशाळेत त्याला सगळे भूत म्हणतात. 'आज किती भुतं झाली' असं सकाळी विचारायची पद्धत आहे. तो पापुद्रा आम्ही औषधाच्या कणावर चढवतो आणि त्याला गाठीच्या पेशी ओळखणारं एक टोक जोडतो. मग कण घरच्या माणसासारखा फिरत फिरत गाठीपर्यंत जातो आणि तिथे चिकटतो.

उंदरांत हे छान जमलं होतं. ते चार सोडून. आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख सर म्हणाले, "शीर चुकली तुझी. हवा गेली असेल. टोचणी चुकली असं लिही आणि मोजणीतून काढ." मी तसं लिहिलं आणि काढले.

बाबांचं तुला काकूंकडून कळलं असेल. स्वादुपिंडाची गाठ आहे आणि शस्त्रक्रियेची वेळ निघून गेली आहे. आमचं औषध आता पहिल्यांदा माणसांना देणार आहेत, सहा जणांना. आमच्या इमारतीमागच्याच हॉस्पिटलात. बाबांनी स्वतः अर्ज केला. मी प्रयोगशाळेत आहे म्हणून वेगळी चौकशी झाली आणि माझ्याकडून लिहून घेतलं की पेशंटांच्या बाटल्यांना मी हात लावणार नाही. मी सही केली.

यादीत बाबा पहिले आहेत. शुक्रवार, २२ मार्च.

मी तुला ये म्हणत नाही. फक्त ती चूक दुरुस्त करायची होती.

तुझी बहीण


शनिवार, ९ मार्च

दादा,

तुझी चिठ्ठी गुरुवारी मिळाली. लिफ्टच्या तपासणीच्या फॉर्मच्या मागे लिहिलेली, त्यामुळे दोन्ही बाजू वाचल्या. त्या इमारतीतल्या लिफ्टचा दोर बदलायला हवा, हेही मला कळलं.

तू लिहिलंस, "खोडरबर, उंदीर मेले त्याचं मला का सांगतेस? आकड्यांची भानगड त्या घरात माझ्याशी कोणी बोलू नये. मी थर्मामीटरवाला."

खोडरबर ही हाक किती वर्षांनी वाचली. आपल्या घरातल्या शाळेत रबराला बंदी होती, चूक झाली तर एक सरळ रेघ मारायची, खाली काय होतं ते वाचता आलं पाहिजे, बाजूला तारीख घालायची. आणि माझ्या पेन्सिलीच्या डबीत मी एक रबर लपवलं होतं, ते फक्त तुला माहीत होतं. तू कधी सांगितलं नाहीस.

म्हणून आता थर्मामीटरचं मला सांगायला हवं.

आई गेल्यावर बाबांनी आपल्याला घरी शिकवायला घेतलं, तेव्हा तापमानाची वही तुझ्याकडे होती. सकाळी सात, दुपारी बारा, संध्याकाळी पाच. बाबांनी अकरा दिवसांच्या नोंदी धरल्या, तू न बघता आकडे ठोकत होतास म्हणून. थर्मामीटरची नळी तडकलेली होती, पारा कधीच निघून गेला होता आणि तुझ्या वहीत साडेएकतीस, बत्तीस, सव्वातीस. बाबा जेवताना म्हणाले, "ज्याला रिकाम्या नळीत पारा दिसतो, त्याला मी काय शिकवणार?" दुसऱ्या दिवसापासून तू बाहेरच्या शाळेत गेलास आणि मी एकटीच घरी शिकत राहिले. पुढे तू काहीही बोललास की बाबा म्हणायचे, "नळी बघून आलास का?" एकोणिसाव्या वर्षी तू निघून गेलास तेही असंच काहीतरी ऐकून.

तुला वाटतं बाबांनी ते स्वतःच पकडलं. नाही, मी सांगितलं. आणि त्याहून वाईट म्हणजे थर्मामीटर मीच फोडला होता. स्टुलावरून उतरताना डोकं लागलं आणि तो फरशीवर पडला. मी तो पुसून परत खिळ्याला लावला. पहिले दोन दिवस मी भीतीने गप्प होते, तू बघशील आणि ओरडशील म्हणून. तू बघितलंच नाहीस. मग तुझे आकडे वाचले आणि मला सुटका दिसली. बाबा फुटलेल्या नळीचं विचारणार नाहीत, आकड्यांचंच विचारतील, हे मला नऊ वर्षांची असून कळलं होतं.

तू खोटं लिहिलंस हे खरं आहे. पण त्याची शिक्षा किती व्हावी ते मी ठरवलं.

आता इथलं. मंगळवारी मी पिंजऱ्यांच्या खोलीत गेले होते. तिथे उंदरांना सांभाळणाऱ्या एक मावशी आहेत. पिंजऱ्यांच्या पाट्या त्या वाचत नाहीत, उंदीर त्यांना चेहऱ्याने ओळखू येतात म्हणतात. मी सहज विचारलं, "मावशी, ते डिसेंबरचे चार आठवतात का?"

"न आठवायला काय झालं? चांगले खाऊन पिऊन होते. तुम्ही टोचलं आणि गेले." मग म्हणाल्या, "ताई, एक सांगू? रागवू नका."

"सांगा ना."

"तुमच्या त्या बाटल्या मी फ्रिजमधून आणल्या ना त्या दिवशी, तुम्ही हातमोजे घालत होता तेव्हा? मागच्या रांगेतल्या होत्या. बर्फ झाला होता आत. सर ओरडतील तुम्हाला म्हणून मी मुठीत धरून वितळवल्या. पाच मिनिटं धरल्या असतील. एकदम साफ पाणी झालं, काही कळत नव्हतं."

"मग मला सांगितलं का नाही?"

"साफ झालं होतं म्हणून. उंदीर मेल्यावर सांगायला गेले, तर सर म्हणाले टोचणी चुकली. मग मी कोण बोलणार?"

दादा, त्या बाई माझ्यावर माया करतात. माझा डबा राहिला तर स्वतःच्या डब्यातलं अर्धं काढून ठेवतात. त्यांनी मायेनेच केलं.

आमचं औषध गोठायला नको असतं. गोठलं की पापुद्रे फाटतात, वितळताना एकमेकांना चिकटतात. डोळ्यांना पाणी दिसतं, आत गुठळ्या असतात.

आणि बाबांच्या बाटल्या त्याच फ्रिजमध्ये आहेत. हॉस्पिटलच्या थंड खोलीची दुरुस्ती चालू आहे, म्हणून बारा फेब्रुवारीला केलेल्या बारा बाटल्या आमच्याकडेच ठेवल्या आहेत. सहा पुढे, सहा मागे, भिंतीला टेकून.

फ्रिजचं तापमान बाहेरच्या पट्टीवर चार अंश दाखवतं. मोजणारा काटा दाराच्या बाजूला आहे. काल मी मागच्या भिंतीशी एका काचेच्या पेल्यात पाणी ठेवलं. आज सकाळी वर साय आल्यासारखा बर्फ होता.

तुझी
खोडरबर


गुरुवार, १४ मार्च

दादा,

सही केलेला शब्द मी मोडला. पेशंटांच्या बारा बाटल्यांखेरीज तपासणीसाठी दोन जास्तीच्या भरलेल्या असतात. एक पुढे होती, एक मागे. काल दुपारी सगळे जेवायला गेले असताना मी दोन्ही काढल्या आणि कणांचा आकार मोजला. पहिली काचनळी मोजायच्या आधीच माझ्या हातून सांडली.

पुढच्या बाटलीत कण एकशे बारा नॅनोमीटरचे, जसे हवेत तसे. मागच्या बाटलीच्या आलेखात दोन डोंगर दिसले, एक एकशे वीसला आणि एक नऊशे चाळीसला.

मी तीनदा मोजलं. तिन्ही वेळा तेच.

मग सरांच्या खोलीत गेले. ते मुलाखतीचा कोट इस्त्री होऊन आला की नाही हे फोनवर विचारत होते, सोमवारी त्यांना कोणीतरी भेटायला येणार आहे. मी कागद पुढे ठेवला. त्यांनी तो चष्मा न लावता बघितला.

"तुला या बाटल्यांना हात लावायची परवानगी नाही."

"माहीत आहे, सर."

"मग हा कागद मी बघितलेला नाही आणि तू मोजलेलं नाहीस. आणि सलाईनच्या नळीला गाळणी असते, विसरलीस का?"

"गाळणीची छिद्रं बाराशेची आहेत, सर. गुठळ्या नऊशेच्या आहेत. पार होतील आणि रक्तात गेल्यावर आणखी चिकटतील."

"चिकटतील हे कशावरून?"

"चार उंदरांवरून."

ते आवाज खाली आणून, अगदी घरच्यासारखे बोलले. हे मला सगळ्यात जास्त लागलं. "हे बघ. बाटल्या नव्याने करायच्या तर दाता, पापुद्रे, तपासण्या, सगळं मिळून सहा आठवडे. तुझ्या वडिलांचे लिव्हरचे आकडे आजच काठावर आहेत. सहा आठवड्यांनी ते या चाचणीत बसतील का?"

"नाही."

"पुढच्या रांगेतली बाटली वापरायला सांगतो मी. झालं?"

"पुढच्या आणि मागच्या कोणत्या, ते कोणाला माहीत आहे, सर? चौदा फेब्रुवारीला झाडताना सगळ्या बाहेर काढल्या होत्या, परत कशा लावल्या कोणी लिहिलेलं नाही."

"तू फार विचार करतेस," ते म्हणाले. "घरी शिकलेल्या मुलांचं हेच होतं."

बाटल्या उघडून मोजता येत नाहीत. उघडली की ती पेशंटला देता येत नाही. एका बाटलीतलं एका माणसालाच जातं. म्हणजे बाबांना जी मिळेल ती कशी आहे, हे ती बाबांच्या अंगात गेल्यावर कळेल.

आता जे अजून लिहिलं नाही ते लिहिते. सकाळपासून हे पत्र इथपर्यंत येऊन थांबलं होतं.

प्रत्येक वेळी औषध टोचण्याआधी वहीत एक रकाना भरायचा असतो. 'आजचा आकार'. मोजायला थोडं औषध खर्च होतं आणि पापुद्रे मिळायला इतके कठीण की ते वाया घालवायला जिवावर येतं. म्हणून आमच्याकडे बाटली केली त्या दिवशीचा आकार पुढच्या दिवसांच्या रकान्यात उतरवायची सवय आहे. सगळेच करतात. मी आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात मला शिकवलं. मी एकदा विचारलं, आजचा म्हणजे आज मोजलेला ना? तेव्हा सगळे हसले.

त्या चार उंदरांच्या दिवशी 'आजचा आकार' रकान्यात माझ्या अक्षरात एकशे दहा लिहिलं आहे. त्या दिवशी मी मोजलं असतं तर नऊशे दिसले असते. उंदीर टोचले नसते, फ्रिजचं तेव्हाच कळलं असतं आणि बाबांच्या बाटल्या तिथे ठेवल्याच नसत्या. माणसांना द्यायची परवानगी त्याच वहीवर मिळाली. एकूण एकेचाळीस जागी मी असा आकार उतरवला आहे. काल बसून मोजले.

तू अकरा दिवस केलंस, मी चौदा महिने केलं. तुझी नळी निदान कोणाच्या अंगात जाणार नव्हती.

तुझी
बहीण


रविवार, १७ मार्च

दादा,

परवा सकाळी फोन वाजला, तो बाबांनी उचलला. पलीकडून कोणी काही बोललं नाही. बाबा थोडा वेळ तसेच उभे राहिले, मग म्हणाले, "राँग नंबर आहे." ठेवून दिला. मग मला म्हणाले, "मागे लिफ्टचा आवाज येत होता." एवढंच बोलून पेपर उघडला. पेपर उलटा नव्हता, पण अर्धा तास एकच पान होतं.

तू फोन केलास हे मला कळलं, एवढं सांगते.

तुझं पत्र काल आलं. थर्मामीटरबद्दल तू एकच ओळ लिहिलीस, "ते नंतर बघू." मला ते पुरे आहे. आणि खाली लिहिलंस, "तू त्या म्हाताऱ्याला आधी सांग. त्याला ठरवू दे. त्याचं अंग आहे." मी खूप विचार केला. तुझं बरोबरच आहे, पण पूर्ण बरोबर नाही, आणि का ते सांगते.

काल संध्याकाळी मी बाबांशी आडून बोलून बघितलं. ते चहा गाळत होते. हात बारीक झालेत, मनगटावरचं घड्याळ कोपरापर्यंत सरकतं.

मी म्हटलं, "बाबा, समजा औषधात काही कमीजास्त असेल तर?"

"असणारच. पहिलंच आहे."

"म्हणजे धोका वाटला तर थांबायचं का?"

"कसला धोका? मरेन?" ते हसले. "अगं, तो धोका मला औषध न घेताही आहे. आणि तो बिचारा वक्तशीर आहे."

"तसं नाही. समजा कोणाची चूक असेल."

त्यांनी गाळणं सिंकमध्ये ठेवलं. "तिथे चूक करणारे पुष्कळ असतील. पण वही कोणाची आहे? डॉक्टर मला टक्केवाऱ्या सांगत होते तेव्हा मी ऐकतही नव्हतो. मी विचारलं, उंदरांच्या नोंदी कोणी केल्या? ते म्हणाले तुमच्या मुलीने. मी म्हटलं, द्या पेन."

मी कप उचलला आणि बाहेर येऊन बसले.

मी खरं सांगितलं तर ते दोन गोष्टी करतील. एक, माझ्याशी बोलणं बंद करतील. दुसरी, तरीही औषध घेतील. बारापैकी सहा चांगल्या आहेत ना, मग अर्धी संधी आहे, असं म्हणतील, आणि मला सांगतील की आता तोंड उघडलंस तर माझी अर्धीही जाईल. मी त्यांना ओळखते. आणि ते एकटे असते तर मीसुद्धा कदाचित गप्प बसले असते. हे मी स्वच्छ लिहून ठेवते, कारण आठवडाभर मी हाच हिशोब उलटापालटा करत होते. अर्धी संधी मलाही हवी होती.

पण त्यांच्यामागे पाच जण आहेत. त्यांतल्या एका बाईंना मी शुक्रवारी हॉस्पिटलच्या जिन्यात बघितलं. मला त्यांचं नाव माहीत नाही, असायलाही नको. त्या नर्सला विचारत होत्या, "नळी लावलेली असताना विणकाम करता येईल का हो? माझं अर्धं राहिलंय." नर्स म्हणाली, "एका हाताने येत असेल तर करा." दोघी हसल्या. त्या बाईंना कोणीही विचारलेलं नाही की अर्धी संधी चालेल का.

म्हणून आधी बाबांना विचारत नाही. विचारलं तर मी ऐकेन, आणि ऐकलं तर त्या बाईही त्यात गेल्या.

काय होणार ते सांगते, म्हणजे तुला नंतर कोडं पडायला नको. माणसांवरच्या चाचण्या बघणारी एक समिती हॉस्पिटलात असते, सरांच्या हाताखाली नाही. तिची बैठक परवा आहे. उद्या संध्याकाळी पाचच्या आत लेखी दिलं तरच घेतात. मी चार पानं लिहिली आहेत. दोन बाटल्यांचे आकार, फ्रिजमधला पेला, चार उंदीर आणि माझ्या एकेचाळीस नोंदी, पान क्रमांकासह. मावशींचं फक्त खरं तेवढंच लिहिलं आहे, आणि त्यांना कालच वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "माझी नोकरी जाईल का?" मी म्हटलं, मला माहीत नाही. त्या म्हणाल्या, "मग माझं वाक्य नीट लिहा. पाच मिनिटं नाही, दहा मिनिटं धरल्या होत्या." मी दुरुस्त केलं.

सरांना मी उद्या सकाळी सांगणार, कागद द्यायच्या आधी. मागून केलं असं व्हायला नको. ते काय म्हणतील याची मला भीती आहे. त्यापेक्षा जास्त भीती ही की ते पुन्हा घरच्यासारखे बोलतील.

समितीने ऐकलं तर शुक्रवारचं औषध थांबेल. सगळ्यांचंच. बाबांना दुसरं काही नाही, हे मला डॉक्टरांनी दोनदा समजावून सांगितलं आहे. म्हणजे मी जे करणार त्याने त्या बाई कदाचित वाचतील आणि बाबा नक्की नाही. आणि समजा बाबांच्या वाट्याला पुढच्या रांगेतली बाटली येणार असेल, तर मीच त्यांच्या तोंडातला घास काढला. हे मला कधीच कळणार नाही.

मंगळवारी संध्याकाळी ते माझ्याशी बोलायचे थांबतील. तुझ्याशी नऊ वर्षं थांबले, माझ्याशी तेवढी होणार नाहीत, तेवढी नाहीतच. तेव्हा त्या घरात त्यांच्याशी बोलणारं एक माणूस हवं. काकू येतात, पण काकू रडतात आणि बाबांना रडणारी माणसं चालत नाहीत. तू भांडशील. त्यांना ते चालेल. माझ्या बाजूने काही बोलू नकोस. लिफ्टचं बोल, दोराचं बोल, त्यांना यंत्रांचं आवडतं.

येशील की नाही हे मला आधी कळवू नकोस. नाही म्हणालास तर मी डगमगेन.

बाबांनी बॅग भरून दाराशी ठेवली आहे. गुरुवारी दाखल व्हायचं म्हणून आतापासूनच. आत दोन शर्ट, चष्म्याचं घर आणि एक कोरी वही आहे. नळी लावल्यावर स्वतःच्या नोंदी करणार म्हणतात, दर पंधरा मिनिटांनी.

मी समितीसमोर मंगळवारी, एकोणीस मार्चला, सकाळी अकरा वाजता उभी राहणार आहे.

तुझी बहीण